पत्ता एक, मेमरी अनेक ठिकाणी

अंतराळवीर कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ अमेरिकेच्या 'नासा'ने २००४ मध्ये आपल्या एम्स संशोधन केंद्रातील एका महासंगणकाला 'कल्पना' हे नाव दिले. एसजीआय कंपनीच्या आल्टिक्स मालिकेतील या यंत्रात ५१२ प्रोसेसर होते. मेमरी अनेक नोडमध्ये विभागलेली असूनही कोणताही प्रोसेसर तिचा कोणताही भाग थेट वाचू शकत असे. हे साधते ते पत्त्यांच्या रचनेमुळे.

अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये सादर केलेल्या 'परम ८०००'मध्ये प्रत्येक नोडची मेमरी स्वतंत्र होती. दुसऱ्या नोडकडील माहिती संदेश पाठवून मागवावी लागे. सामायिक मेमरीच्या पद्धतीत मात्र सर्व नोडना मिळून पत्त्यांची एकच मालिका असते. प्रोग्रॅम केवळ पत्ता देतो. माहिती आणण्याचे काम यंत्रणा करते.

पत्त्याचे दोन भाग

पिन कोडचे पहिले तीन अंक टपालाचा जिल्हा व शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दर्शवतात. मेमरीच्या पत्त्याचेही असेच आहे. समजा, पत्ता ४० बिटांचा आहे. त्यातील पहिले ८ बिट नोडचा क्रमांक आणि उरलेले ३२ बिट त्या नोडमधील नेमकी जागा सांगतील. यातून २५६ नोड आणि प्रत्येकी ४ गिगाबाइट, म्हणजेच एकूण १ टेराबाइट मेमरीला पत्ते देता येतात. नोड क्रमांक स्वतःचाच असेल तर माहिती जवळच मिळते; अन्यथा मागणी जाळ्यातून संबंधित नोडकडे जाते. साहजिकच दूरच्या मेमरीला अधिक वेळ लागतो. कोणती माहिती कुठे ठेवावी, यावर प्रोग्रॅमचा वेग अवलंबून राहतो तो यामुळेच.

प्रतींचा प्रश्न

वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर माहितीची प्रत आपल्या कॅशमध्ये ठेवतो. एकाने मूळ माहिती बदलली, तर इतरांकडील प्रती शिळ्या ठरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी, अनूप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 'डॅश' या प्रायोगिक यंत्रात यासाठी नोंदवहीची पद्धत वापरली. प्रत्येक नोड आपल्या मेमरीतील माहितीच्या प्रती कोणाकडे आहेत, याची नोंद ठेवतो आणि बदलापूर्वी त्या प्रती रद्द करवतो. येल विद्यापीठातील काई ली यांनी १९८६ च्या प्रबंधात हेच काम सॉफ्टवेअरद्वारे, जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर करता येते, हे दाखवले.

तरीही एक जोखीम उरते. खात्यात १,००० रुपये आहेत. एका प्रोसेसरने त्यात ५०० व दुसऱ्याने २०० मिळवायचे आहेत. दोघांनीही आधीच १,००० हा आकडा वाचला, तर शेवटी १,७०० ऐवजी १,५०० किंवा १,२०० रुपयेच उरतील. पत्ता अचूक, प्रतही ताजी, पण हिशेब चुकीचा! म्हणूनच एकाचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारे 'लॉक' प्रोग्रॅमरलाच लावावे लागते.

एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या आजच्या सर्व्हरमध्येही जवळची व दूरची मेमरी हा भेद आहेच. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'सीएक्सएल ३.०' या मानकाने तर वेगवेगळ्या सर्व्हरना एकच मेमरी वाटून घेण्याची सोय दिली. साधने बदलली, तरी पत्ता, प्रत आणि क्रम यांचा मेळ राखण्याचे मूळ काम तेच राहिले आहे.