एक गायक आणि दुष्काळाचा प्रश्न

दात्याचें नांव इतिहासांत राहतें. दान करण्याची पाळी कां आली, हें मात्र बहुधा विस्मृतींत जातें. आयरिश रॉक-गायक बॉब गेल्डॉफ याच्या कार्याचा विचार करतांना या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या पाहिजेत; एरवीं त्या विचाराचा शेवट स्तोत्रांत तरी होईल, नाहीं तर टवाळींत.

गेल्डॉफचा जन्म १९५१ सालीं डब्लिननजीक झाला. १९७५ मध्यें त्यानें आपल्या स्नेह्यांसह ‘द बूमटाउन रॅट्स’ ही गायकमंडळी उभारली. १९७८ व १९७९ सालीं तिचीं दोन गाणीं इंग्लंडांत खपाच्या दृष्टीनें अग्रस्थानीं पोहोंचलीं. परंतु १९८४ च्या सुमारास मंडळीची चलती ओसरूं लागली होती. त्या वर्षीं २३ ऑक्टोबर रोजीं बी. बी. सी.नें इथिओपियांतील कोरेम येथील दुष्काळाचीं दृश्यें दाखविलीं. वृत्तांत मायकेल बर्क याचा व चित्रण केनियाच्या मोहमद अमीन याचें होतें. घरीं बसून तीं दृश्यें पाहणाऱ्या गेल्डॉफला स्वस्थता राहिली नाहीं. मिज यूर या सहकाऱ्याबरोबर त्यानें एक गाणें रचलें, अनेक नामांकित गायकांना २५ नोव्हेंबर रोजीं लंडनमध्यें एकत्र आणून तें मुद्रित केलें, आणि एकट्या ब्रिटनमध्यें त्याच्या तीस लक्षांहून अधिक ध्वनिमुद्रिका खपल्या. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं लंडन व फिलाडेल्फिया येथें एकाच दिवशीं ‘लाइव्ह एड’ हा प्रचंड जलसा झाला. उपग्रहाच्या साह्यानें तो जगभर दिसला आणि कोट्यवधि पौंड जमले.

येथपर्यंतची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यामागची दुसरी कथा मात्र गाण्यांत येण्यासारखी नव्हती. पाऊस पडला नाहीं हें खरें. पण इथिओपियाच्या उत्तर भागांत त्या वेळीं यादवी युद्ध पेटलें होतें आणि मेंगिस्तूच्या लष्करी राजवटीनें धान्याच्या वाटा रोखल्या होत्या. भूकबळी पडत असतांना सप्टेंबर १९८४ मध्यें राजधानींत क्रांतीचा दशवार्षिक उत्सव थाटामाटानें साजरा झाला. पुढें लक्षावधि लोकांना सक्तीनें दक्षिणेकडे हलविण्यांत आलें. त्याचा जाहीर निषेध करणाऱ्या फ्रेंच वैद्यकीय पथकाला १९८५ अखेर देशाबाहेर काढलें गेलें. दयेचें द्रव्य अशा भूमींत उतरलें होतें. दानाचा पैसा बंडखोरांच्या शस्त्रांकडे वळला, असा समज करून देणारें वृत्त बी. बी. सी.नें २०१० सालीं दिलें; परंतु गेल्डॉफच्या निधीविषयीं तसा पुरावा नसल्याचें मान्य करून त्याच वर्षीं क्षमाही मागितली.

अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथांत इथिओपियाच्या वोलो प्रांतांतील १९७३ च्या दुष्काळाची चिकित्सा केली होती. धान्य देशांत आहे, पण तें मिळविण्याचें सामर्थ्य गरिबापाशीं नाहीं, या स्थितींतही दुष्काळ पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोरेम त्या काळीं याच प्रांतांत मोडत असे. गेल्डॉफच्या जन्मभूमीलाही हा धडा नवा नव्हता. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. तरीही त्या वर्षांत तेथील बंदरांतून धान्य व गुरें इंग्लंडकडे जातच होतीं.

मग गेल्डॉफ चुकला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मूल डोळ्यांदेखत मरत असतां कारणमीमांसा पुरी होईपर्यंत थांबा, असें सांगणारा विद्वान कोणाच्याही उपयोगाचा नाहीं. मात्र देणाराचा डोळा पाणावला म्हणजे त्याला सर्व समजलें, असें मानणें धोक्याचें आहे. ही गोष्ट त्यालाही उमगली असावी. २ जुलै २००५ रोजीं ‘लाइव्ह ८’ हे जलसे झाले, त्यांत वर्गणी मागितली नव्हती. स्कॉटलंडांत भरणाऱ्या आठ धनिक राष्ट्रांच्या परिषदेवर लोकमताचें दडपण आणणें, हा हेतु होता. अठरा दरिद्री देशांचें सुमारें ४,००० कोटि डॉलरांचें कर्ज माफ करण्याचें त्या राष्ट्रांच्या अर्थमंत्र्यांनीं आदल्या महिन्यांतच ठरविलें होतें. लंडनच्या जलशांत आफ्रिकेचे गायक जवळजवळ नव्हतेच, हा आक्षेप त्या वेळींही घेतला गेला, आणि तो यथार्थ होता.

तरी १९८५ मध्यें श्रोत्यांच्या खिशाला हात घालणारा हा मनुष्य २००५ मध्यें राज्यकर्त्यांना जाब विचारूं लागला. या प्रवासाला त्याला वीस वर्षें लागलीं. देणगीचा आंकडा टाकून निश्चिंत होणाऱ्या आपणां सर्वांनीं तो प्रवास अद्यापि पुरा केलेला नाहीं.