पेटी कोणी वाजवली?

आजच्या भागात दोन माणसं आहेत. दोघांनी आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या. पियानोवादक आलिसिया दे लारोचा, जन्म १९२३, स्पेनमधलं बार्सिलोना. आणि आपले हार्मोनियमवादक पंडित अप्पा जळगावकर, जन्म १९२२. दोघंही २००९च्या सप्टेंबरमध्ये गेले. अप्पा १६ तारखेला पुण्यात, आलिसिया २५ला बार्सिलोनात. मध्ये फक्त नऊ दिवस.

आता गंमत बघा. आलिसिया शोधणं एकदम सोपं आहे. नाव टाईप केलं की रेकॉर्डिंगची रांग लागते. उंची पाच फुटांपेक्षा कमी, हात लहान, पण अल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराची 'इबेरिया' ही महाकठीण रचना त्यांनी एकदा नाही, अनेकदा रेकॉर्ड केली. त्याच रचनेसाठी १९७५ आणि १९८९ अशी दोनदा ग्रॅमी मिळाली. म्हणजे एकाच माणसाची तरुणपणीची 'इबेरिया' आणि उतारवयातली 'इबेरिया' आपण शेजारी-शेजारी ठेवून ऐकू शकतो.

अप्पांचं तसं करून बघा. ते वाजवत होते भीमसेनजींच्या मागे, किशोरीताईंच्या मागे, जसराजजींच्या मागे. म्हणजे त्यांचं काम तुम्ही कदाचित शंभर वेळा ऐकलंय, फक्त अप्पांचं म्हणून नाही.

यामागे थोडा इतिहास आहे. पेटी मुळात युरोपातून आली. तिचे सूर ठरलेले. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते, गळ्यासारखी मींड निघत नाही. म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. ३१ वर्षं! बंदी आली तेव्हा अप्पा १८ वर्षांचे होते, उठली तेव्हा पन्नाशीला टेकलेले. कलाकाराची ऐन उमेदीची वर्षं, आणि तेव्हा देशातलं सगळ्यात मोठं माध्यम त्याच्या वाद्याला बंद. मैफलींनी मात्र पेटी सोडली नाही. नाटकांनी आणि भजनांनीही नाही. आमच्याकडे कापूरहोळला आजही भजन म्हटलं की आधी पेटी कुठंय ते विचारतात.

साथ म्हणजे नेमकं काय, हेही ऐका. पियानोवादकासमोर रचना लिहिलेली असते, दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर. समोर कागद नाही. गवई पुढच्या क्षणी कुठे जाणार, हे कधीकधी गवयालाच माहीत नसतं. तान निघाली की तिच्या मागोमाग, अर्ध्या क्षणात पोचायचं. गवई श्वास घेईल तेव्हा सूर धरून ठेवायचा, आणि त्याच्या पुढे मात्र जायचं नाही. अप्पांना २००० साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, तो हेच काम जन्मभर केल्याबद्दल.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर डेटाबेसच बघते. गाण्याच्या ॲपमध्ये 'कलाकार' नावाचा एक रकाना असतो. तिथे बहुतेक वेळा गायकाचं नाव येतं. जुन्या कव्हरवर मागे बारीक अक्षरात छापलेली तबला-पेटीची नावं डिजिटल होताना पुष्कळदा गळून पडतात. कोणी मुद्दाम करत नाही. रकाना भरायचा राहतो, एवढंच. पण शोध त्याच रकान्यावर चालतो, त्यामुळे पन्नास वर्षांनी वाद्य ऐकू येईल आणि माणूस सापडणार नाही.

आमचं गाव ओळखलं जातं ते धाराऊंमुळे. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणारी ही माऊली कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली. तिनं ना लढाई केली, ना राज्य. तरी साडेतीनशे वर्षांनी तिचं नाव घेतलं जातं, कारण लोकांनी ते सांगायचं थांबवलं नाही. तेव्हा तर रकानाही नव्हता!

तर या आठवड्याचं काम. तुमच्या आवडीची एक मैफल लावा. गवई थांबेल तिथे कान द्या, पेटी ऐका. मग घरात जुनी कॅसेट, सीडी असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा आणि वादकांची नावं कमेंटमध्ये लिहा. मी यादी करायला घेतलीये. पुढच्या भागात ती वाचून दाखवेन. भेटूया!