धापा : कचरा बदलला, शेती तीच राहिली

कोलकात्याच्या पूर्वेला, शहर संपून पाणथळ प्रदेश सुरू होतो तेथे, धापा हे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिकेने ही जागा शहराचा कचरा टाकण्यासाठी घेतली आणि तो वाहून नेण्यासाठी रेल्वेही चालवली. शतक संपण्यापूर्वीच त्या कचऱ्यावर भाजीपाला पिकू लागला होता. कुजलेल्या कचऱ्याचे लांबट पट्टे, मधून सांडपाण्याची तळी आणि त्यांच्या काठाने फुलकोबी, मका, वांगी, लाल माठ. विकतच्या खताची गरज जवळजवळ नव्हतीच.

त्या काळातील कचरा म्हणजे प्रामुख्याने भाज्यांची देठे, शेण, चुलीतील राख. तो अगदीच निष्पाप नव्हता. दगडी कोळशाच्या राखेतही शिसे आणि आर्सेनिक अल्प प्रमाणात असतात. तरीही शहराने मातीतून घेतलेले बरेचसे मातीलाच परत मिळत होते. विसाव्या शतकात हा समतोल ढळला. कचऱ्यात बॅटऱ्या, रंगाचे डबे, मुलामा दिलेले धातूचे तुकडे येऊ लागले. टांगरा, तोपसिया, तिलजला येथील चर्मोद्योगांचे क्रोमियमयुक्त पाणी पूर्वेकडच्या कालव्यांत उतरत होते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे कारखाने हलवण्याचा आदेश दिला. त्यांच्यासाठी ठरलेले बांतला मात्र याच पाणथळ प्रदेशाला लागून आहे. धापाजवळून जाणाऱ्या बायपास रस्त्यावरच्या वाहनांच्या धुरातूनही शिसे बाहेर पडत असे. शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले ते 2000 मध्ये.

कीटकनाशकाचा रेणू कालांतराने तुटतो. शिशाचा अणू शिसेच राहतो. मात्र तो कोठे राहतो, हे मातीच्या रसायनावर ठरते. शिसे सेंद्रिय द्रव्याला आणि फॉस्फेटला घट्ट चिकटते, म्हणून ते वरच्या थरात साचते आणि बहुधा धुळीच्या रूपाने पानांवर बसते. कॅडमियमची रीत वेगळी. रासायनिकदृष्ट्या ते जस्तासारखे असल्यामुळे मुळे त्याला जस्ताच्याच वाटेने आत घेतात आणि ते पानांपर्यंत पोहोचते. त्यामुळे पालेभाजी नीट धुतली तर तिच्यावरचे शिसे बरेचसे जाते, कॅडमियम जात नाही. कुजलेल्या कचऱ्याचे भरपूर सेंद्रिय द्रव्य पिकाला पोसते आणि धातूंनाही धरून ठेवते. ते संपत गेले किंवा माती आम्ल झाली, की ही पकड सैल होते. पिकांच्या दृष्टीने म्हणूनच एकूण धातूइतकेच महत्त्व त्यातील मोकळ्या अंशाला आहे.

धापाच्या मातीत आणि भाज्यांत शिसे, कॅडमियम व क्रोमियम अनेक संशोधकांनी मोजले आहे. आकडे पीक, जागा आणि ऋतूनुसार बदलतात. फळभाज्यांपेक्षा पालेभाज्यांत प्रमाण साधारणतः अधिक आढळते. दुसरीकडे, अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी याच प्रदेशाचे महत्त्व आयुष्यभर मांडले आणि 2002 मध्ये 12,500 हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शहराचे सांडपाणी मासे आणि भाजीपाल्याच्या रूपाने शहरालाच परत देणारी ही व्यवस्था जगात कौतुकाचा विषय आहे आणि ते कौतुक रास्त आहे. धातूंचा प्रश्न त्या कौतुकात झाकला जातो, इतकेच.

कायद्याने या प्रश्नाला एकाच बाजूने हात घातला. घनकचऱ्याच्या 2000 च्या नियमांनी कंपोस्ट खतातील धातूंना मर्यादा घातल्या : दर किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम, क्रोमियम 50, कॅडमियम 5. पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या खतासाठी हे माप आहे. ज्या शेतात कचरा हीच माती झाली, तेथे ते कोणी लावायचे? दूषित स्थळांसाठी 2025 मध्ये स्वतंत्र नियम आले, परंतु कचरा डेपोंतील घनकचऱ्याचे प्रदूषण त्यांतून सर्वसाधारणपणे वगळलेले आहे; इतर घातक द्रव्ये मिसळून ठरावीक पातळी ओलांडली गेली, तरच ते नियम लागू होतात. ती पातळी ओलांडली गेली की नाही, हे तपासण्यासाठी आधी वाफ्यावाफ्यातील माती मोजावी लागेल, आणि धापाच्या वाफ्यांत त्या वेळी पीक उभे असेल.