सॉफ्टवेअर पॅकेजांची उगमनोंद

संगणकावर बसविण्याजोगे सॉफ्टवेअर पॅकेज कोणत्या मूळ आज्ञावलीपासून, कोणाकडून व कोणत्या रीतीने तयार झाले, याची पॅकेजाबरोबर जतन केलेली माहिती म्हणजे उगमनोंद होय. मूळ आज्ञावली माणसाला वाचता येते. वापरणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा तिचे यंत्रभाषेतील रूप येते आणि त्यावरून मूळ आज्ञावली जशीच्या तशी परत मिळविता येत नाही. म्हणून ही नोंद पॅकेज तयार होतानाच करावी लागते. पॅकेजे आणणे, बसविणे व काढून टाकणे ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस पॅकेज मॅनेजर म्हणतात. उगमनोंद ठेवणे व तपासणे हेही त्याच्या कार्याचे एक अंग होय.

प्रारंभ : लिनक्सच्या प्रसाराबरोबर अनेक लेखकांची सॉफ्टवेअरे जुळवून एकत्र देणारी वितरणे निघाली. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन या वितरणाची घोषणा केली; १९९५ मध्ये रेड हॅटचा आरपीएम हा पॅकेज मॅनेजर आला. मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेली संग्रहफाइल अविकृत ठेवावी व वितरकाचे फेरफार स्वतंत्रपणे द्यावेत, हे तत्त्व दोहोंकडे रूढ झाले. त्यामुळे एखादा दोष मूळ लेखकाचा की वितरकाचा, हे ठरविणे शक्य झाले. आरपीएमच्या यांत्रिक पॅकेजात त्याच्या मूळ पॅकेजाचे नाव नोंदलेले असते. मूळ आज्ञावली कोठून मिळविली हे प्रत्येक पॅकेजाच्या स्वामित्वहक्कविषयक फाइलीत सांगितलेच पाहिजे, असा डेबियनचा नियम आहे.

पडताळणी : केवळ पत्ता पुरेसा नसतो, कारण त्या पत्त्यावरील फाइल बदलू शकते किंवा नाहीशी होऊ शकते. गिटोरियस हे मूळ आज्ञावलींचे संकेतस्थळ २०१५ मध्ये बंद झाले. अशा आज्ञावली जतन करण्यासाठी फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह जाहीर केला. फाइल बदललेली नाही हे पाहण्यासाठी तिच्या आशयावरून गणिताने काढलेला अंकीय ठसा नोंदवितात. एमडी५ या पद्धतीत दोन भिन्न फायलींचा ठसा एकच येऊ शकतो, हे २००४ मध्ये सिद्ध झाल्यावर अधिक सुरक्षित पद्धती स्वीकारल्या गेल्या. ठसा कोणी दिला हे अंकीय स्वाक्षरीने कळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ४.० पासून पॅकेजसूचीवरील स्वाक्षरी पॅकेज मॅनेजर स्वतः तपासू लागला.

तथापि स्वाक्षरीने देणारा ओळखता येतो. दिलेली वस्तू कशापासून झाली हे कळत नाही. कंपायलरच दूषित असेल, तर निर्दोष मूळ आज्ञावलीपासूनही दूषित पॅकेज तयार होते, हे केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखविले होते. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये यूट्रेक्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात निक्स या पॅकेज मॅनेजरचे विवेचन आहे. त्यात मूळ आज्ञावली, कंपायलर व इतर सर्व घटकांवरून पॅकेजाची ओळख ठरते. २०१३ पासून डेबियनमध्ये पुनरुत्पाद्य बांधणीचे प्रयत्न सुरू झाले. त्याच मूळ आज्ञावलीपासून व त्याच साधनांनी कोणीही बांधणी केली, तरी तंतोतंत तेच पॅकेज मिळावे, असा त्यांचा उद्देश आहे.

एक्सझेड प्रकरण : मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे लक्षात आल्याने आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला. चोरवाट कार्यान्वित करणारा भाग प्रसिद्ध संग्रहफाइलीत होता, परंतु सर्वांना पाहण्यास खुल्या असलेल्या विकासभांडारात नव्हता. फाइल अधिकृत होती, तिच्यावरील स्वाक्षरी खरी होती आणि ती करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला होता. वितरकांच्या नोंदींत चूक नव्हती. ज्याला त्या मूळ मानत होत्या, तेच मूळ नव्हते. तेव्हापासून संग्रहफाइल विकासभांडाराशी ताडून पाहण्यावर भर दिला जाऊ लागला.

शासकीय दखल : मे २०२१ मधील आदेशाने अमेरिकेच्या संघीय शासनाने सॉफ्टवेअर खरेदीसंदर्भात घटकसूचीला महत्त्व दिले. भारतात सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उगमनोंदीने कर्त्याचा हेतू कळत नाही. मात्र संशय आल्यास कोणती पॅकेजे काढावीत व शोध कोठून आरंभावा, हे तीवरून ठरविता येते.