पाण्याच्या मापाने झालेला न्याय

अथेन्स नगरीच्या प्राचीन बाजारचौकाच्या, म्हणजे ग्रीक लोक ज्याला अगोरा म्हणत त्याच्या, उत्खननात मातीचे एक ओबडधोबड भांडे सापडले आहे. त्याच्या तळाशी एक बारीक नळी आहे, काठाखाली जास्तीचे पाणी वाहून जावे म्हणून एक छिद्र ठेवलेले आहे, आणि अंगावर मापाच्या खुणेशेजारी अथेन्सच्या नागरिकांच्या एका गणाचे नाव लिहिलेले आहे: अँटिओकिस. आपल्याकडे लग्नमुहूर्त साधण्यासाठी जे घटिकापात्र ठेवीत ते पाण्यावर तरंगत तरंगत भरत जाई आणि भरले की बुडे. हे ग्रीक पात्र त्याच्या उलट, भरलेले असे आणि रिते होत जाई. त्यात सहा लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते आणि ते सुमारे सहा मिनिटांत गळून जाते. तेवढे पाणी गळेपर्यंत फिर्यादीने किंवा आरोपीने बोलावे आणि नळी कोरडी पडली की थांबावे, अशी अथेन्सच्या न्यायसभेची रीत होती. भांडे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीचे मानतात. अलोपेकी गावचा, सोफ्रोनिस्कसचा पुत्र सॉक्रेटिस हा याच अँटिओकिस गणातला, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो आयुष्यात प्रथमच आरोपी म्हणून न्यायसभेपुढे उभा राहिला, तेव्हा त्याचेही बोलणे पाण्यानेच मोजले गेले. ते हेच पात्र होते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु त्या गणनामावर दृष्टी पडली की मन क्षणभर थबकल्याशिवाय राहत नाही.

या खटल्याची कथा आपण बहुधा एका साधूच्या छळाची कथा म्हणून ऐकतो, आणि ती ऐकताना अथेन्सचे पंच म्हणजे जणू कोणा जुलमी राजाचे हस्तक होते असा समज करून घेतो. तसे ते नव्हते. खटला प्रारंभापासून शेवटापर्यंत कायद्याच्या चाकोरीतून चालला, आणि मला तर त्यातील सर्वांत व्यथित करणारी गोष्ट हीच वाटते. त्या नगरीत सरकारी वकील नावाचा अधिकारी नव्हता. समाजाविरुद्धच्या अपराधाची फिर्याद कोणाही नागरिकाला करता येई. मेलेटस नावाच्या एका तरुणाने साक्षीदारांसमक्ष सॉक्रेटिसला हजर राहण्यास फर्मावले आणि आपला लेखी आरोप ‘राजा-आर्कॉन’ या अधिकाऱ्याच्या कचेरीत दाखल केला. राजेशाही जाऊन शतके लोटली होती, तरी पूर्वी राजाकडे असलेली धर्मकृत्ये आणि धर्मविषयक खटले या वार्षिक अधिकाऱ्याकडे राहिले होते, व त्याबरोबर राजाचे नावही. त्याची ओवरी १९७० मध्ये अथेन्स-पिरेअस लोहमार्गाच्या कडेला खणून काढण्यात आली, आणि जिच्यावर उभे राहून अधिकारी शपथ घेत ती ओबडधोबड शिळाही तेथेच, पायरीसमोर, मिळाली. शिळेजवळून जाताना वृद्ध सॉक्रेटिस काय विचार करीत असेल, हे सांगण्यास कोणी साक्षीदार उरला नाही.

आरोप थोडक्यात असा होता की, नगर ज्या देवतांना मानते त्यांना हा मानीत नाही, नवी दैवते आणतो, आणि तरुणांना बिघडवतो, शिक्षा मृत्यूची. मेलेटसच्या पाठीशी लायकॉन हा वक्ता आणि ॲनिटस हा कातडी कमावण्याच्या धंद्यातला धनवान पुढारी होता. पोकळ फिर्यादी होऊ नयेत म्हणून नियम असा होता की, पंचांपैकी एकपंचमांश मतेही ज्याला मिळणार नाहीत त्या फिर्यादीने १००० द्राख्मे दंड भरावा. आणि हे दोघे पाठीशी नसते तर मेलेटसवर हा दंड खास बसला असता, हे सॉक्रेटिसने भर सभेत सुनावले.

पंच सुमारे पाचशे होते. दरवर्षी तिशी उलटलेल्या ६००० नागरिकांची चिठ्ठ्या टाकून पंच म्हणून निवड होई. कामाच्या दिवशी प्रत्येकाला तीन ओबोल, म्हणजे कुशल कारागिराच्या रोजाच्या निम्मे, मिळत. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नव्हता, पंचांनी आपसात खल करण्याची सोय नव्हती, आणि एकदा निकाल झाला की वर दाद मागण्याची जागा नव्हती. कायदा जेथे मुका असेल तेथे आपल्या न्यायबुद्धीप्रमाणे मत द्यावे, अशी पंचांची शपथ होती. वेळ मोजली जाई, मते मोजली जात, दंडाच्या रकमा मोजलेल्या होत्या. परंतु अधर्म म्हणजे नेमके काय, याचे माप ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचे होते.

आणि त्या पाचशे मनांत त्या वर्षी काय साचले होते! स्पार्टाशी सत्तावीस वर्षे चाललेल्या युद्धात नगरी हरली होती, इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांच्या मंडळाने सत्ता बळकावून सुमारे आठ महिन्यांत १५०० माणसे मारली होती. आणि त्या मंडळाचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला होता, देशाशी फितूर झालेला अल्सिबायडीजही तसाच. लोकसत्ता परत आली तेव्हा जुने अपराध उकरून काढू नयेत अशी सर्वांनी शपथ घेतली, म्हणून फिर्यादीत क्रिटियसचे नाव घालण्याची सोय नव्हती. पण सुमारे अर्ध्या शतकानंतर एस्किनीज या वक्त्याने पंचांनाच उघड ऐकवले की, क्रिटियसचा गुरू म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारलेत. ॲनिटसला निव्वळ खलपुरुष ठरवून मोकळे होणेही मला योग्य वाटत नाही. त्या तिसांनी त्याची मालमत्ता लुटली होती, आणि शपथेला जागून त्याने ती परत मागितली नाही. लोकसत्तेसाठी रणात उतरलेला माणूस होता तो.

परंतु ज्याच्यावर रोख होता त्याचे वर्तन काय होते? इ.स.पू. ४०६ मध्ये, आर्गिनुसीच्या आरमारी लढाईनंतर, वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सेनापतींचा एकत्रित निवाडा करण्यासाठी लोकसभा खवळली, तेव्हा सभा चालवण्याची पाळी अँटिओकिस गणाची होती; आणि प्रत्येकाचा न्याय वेगळा झाला पाहिजे, हे बेकायदेशीर आहे, असे म्हणून शेवटपर्यंत अडून बसला तो सॉक्रेटिस. पुढे तिसांनी त्याच्यासह पाच जणांना सॅलमिसच्या लिऑन नावाच्या निरपराध गृहस्थाला धरून आणण्याचा हुकूम केला. चौघे गेले, सॉक्रेटिस सरळ घरी गेला. लोकांच्या क्रोधापुढे आणि जुलमी हुकमापुढे सारखाच ताठ उभा राहिलेला असा दुसरा माणूस त्या काळच्या अथेन्समध्ये मला तरी दिसत नाही.

सॉक्रेटिसने स्वतः एक ओळ लिहिली नाही. त्याचा शिष्य झेनोफोन तेव्हा आशियात सैन्याबरोबर होता. दुसरा शिष्य प्लेटो मात्र सभेत हजर होता, आणि त्याने रचलेले ‘आत्मसमर्थन’ हाच आपला मुख्य आधार. या ग्रंथाचा दरारा किती टिकावा? गांधीजींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील आपल्या पत्रात त्याचा गुजराती सारांश छापला, आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्य’बरोबर तो सारांशही जप्त ठरवला.

प्लेटोच्या वृत्तांतानुसार तीस मते फिरली असती तर सॉक्रेटिस सुटला असता. म्हणजे पंच ५०० धरले तर २८० विरुद्ध २२०. अशा खटल्यात शिक्षा कायद्याने ठरलेली नसे. फिर्यादीने एक सुचवावी, आरोपीने दुसरी, आणि पंचांनी त्या दोहोंतून एक निवडावी. हद्दपारी सुचवली असती तर बहुधा ती मान्य झाली असती. सॉक्रेटिस म्हणाला की, मला जे योग्य ते सुचवायचे तर ऑलिंपियाच्या विजेत्यांप्रमाणे सरकारी पंगतीत मला जन्मभर भोजन द्या. मग त्याने १०० द्राख्मे दंड सुचवला, आणि प्लेटो, क्रायटो प्रभृती मित्र जामीन राहिले तेव्हा तो ३००० वर नेला. मृत्युदंडाच्या बाजूने आधीपेक्षा ८० मते अधिक पडली असे पुढच्या काळातला चरित्रकार डायोजिनिस लेर्शियस नमूद करतो. ते खरे असेल तर तासाभरापूर्वी ज्यांनी त्याला निर्दोष ठरवले त्यांतल्याच ८० जणांनी त्याचा मृत्यू मागितला. दुसऱ्या काही राज्यांत प्राणदंडाचा खटला एका दिवसात निकाली काढीत नाहीत, तसा कायदा येथे असता तर मी तुमची खात्री पटवली असती, असे तो पंचांना म्हणाला. त्याच्या सगळ्या भाषणात याच ठिकाणी मला खेदाचा स्वर ऐकू येतो.

दंडाची अंमलबजावणी मात्र लगेच झाली नाही. डेलॉसच्या यात्रेला जाणाऱ्या पवित्र नौकेला खटल्याच्या आदल्याच दिवशी माळा चढल्या होत्या, आणि ती परत येईपर्यंत नगरात कोणाचा वध करायचा नाही असा धर्मनियम होता. झेनोफोनच्या म्हणण्याप्रमाणे हे दिवस तीस भरले. क्रायटोने पळून जाण्याची सर्व सिद्धता केली; सॉक्रेटिसने नगराच्या कायद्यांचा पक्ष घेऊन ती नाकारली. नौका परतली, आणि सूर्य मावळतीला टेकला असता कारागृहातल्या माणसाने कुटलेल्या विषारी हेमलॉकचा पेला पुढे केला. देवांना मानीत नाही म्हणून दंड झालेल्या त्या वृद्धाने विचारले की, यातले थोडे देवांच्या नावाने भूमीवर ओतले तर चालेल काय? तो माणूस म्हणाला, आम्ही लागेल तेवढेच कुटतो.

सॉक्रेटिस ‘समजलो’ म्हणाला, देवांची केवळ प्रार्थना केली आणि पेला ओठाला लावला.