सांगोल्यात पायापासून नवं घर बांधायचं, तर पैसा नेमका कुठे बुडतो?

जून 2022. गुवाहाटीच्या हॉटेलातून एक फोन येतो आणि "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक मोबाईलमध्ये जाऊन पोहोचतं. फोनवर बोलणारे शहाजीबापू पाटील तेव्हा सांगोल्याचे आमदार होते. त्यांना झाडीचं एवढं अप्रूप का वाटलं, हे सांगोल्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही. सोलापूर जिल्ह्याच्या नैऋत्येला असलेला हा तालुका माणदेशात मोडतो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. जनावरांच्या चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर इथल्या दोन-तीन पिढ्यांनी बघितलेत.

याच कोरड्या रानात डाळिंबानं पैसा आणला. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 ला सुटली, ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. अजनाळ्यासारख्या गावांत डाळिंबाच्या जिवावर रानात बंगले उभे राहिले. मग तेल्या आला, त्यापाठोपाठ खोडात बारीक छिद्रं पाडणारा पिन होल बोरर आला आणि कित्येकांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. बागेच्या भरवशावर घर काढायचं आणि बाग गेली की काम कॉलमवर थांबायचं, ही भीती इथं पुस्तकातली नाही.

म्हणून इथं घर बांधणाऱ्याला पैसा पुरवून वापरावा लागतो. टाइल्स, रंग, पीओपी यावर घरात महिनाभर चर्चा चालते, पण ती चूक झाली तरी पुढं बदलता येते. न बदलता येणाऱ्या चुका तीन ठिकाणी होतात: जागेचा कागद, पायाखालची माती आणि बांधकामाला वापरलेलं पाणी. घर रंगवून झालं की या तिन्हीतलं काहीच दिसत नाही.

आधी लोक कसं बांधायचे?

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर दांड्या आणि फळ्या, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस कमी, त्यामुळं सपाट मातीचं छत चालून जायचं. पावसाळ्याच्या तोंडावर वरची माती नीट केली की वर्ष निघायचं. बाहेर बेचाळीस डिग्री असलं तरी आत अंग थंड राहायचं. दगड रानातला, माती गावच्या पांढरीतली, विकत घ्यायला लागायचं ते लाकूड.

या घरांवरचा विश्वास उडाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. शेजारच्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. भूकंप प्रचंड मोठा होता असं नाही. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही नव्हतं आणि वर काही टन मातीचं छत होतं. भिंती फाकल्या, छत खाली आलं. त्यानंतर सोलापूर, लातूर भागात नवं घर म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब हे समीकरण पक्कं झालं. ते योग्यच आहे, मात्र सिमेंटचं घर काळ्या मातीवर आणि कमी पाण्यात बांधायचे नियम वेगळे असतात.

जागेचा कागद

जागा बापजाद्यांची असली तरी पहिला प्रश्न एकच: ती गावठाणात आहे, नगरपालिकेच्या हद्दीत आहे की शेतात?

शेतजमिनीवर घर बांधायचं तर साधारणपणे बिनशेती, म्हणजे एनए लागत असे. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात शेतघर बांधायला कायद्यानं घातलेल्या क्षेत्रफळाच्या मर्यादेत सूट आहे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड नुसार रूपांतरण कर भरून सनद घेता येत असे. हे कलम बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. गावाला लागून असलेल्या रानात घर काढणाऱ्यानं तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये सध्याच्या नियमाची चौकशी करावी.

खरा धोका आहे तो एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यात. रस्त्याकडेच्या शेतातून गुंठा-दीड गुंठा घ्यायचा, स्टॅम्पपेपरवर नोटरी करायची आणि जोतं घालायचं, हा प्रकार राज्यभर चालतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली शेतजमिनीचं किमान क्षेत्र ठरलेलं आहे. 2023 च्या अधिसूचनेनं ते बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं. त्याहून लहान तुकड्याची नोंद सातबाऱ्यावर होताना अडते. 2025 मध्ये सरकारनं सवलती आणल्या, पण त्या मुख्यतः शहरी हद्दीतल्या आणि वाढत्या गावांभोवतीच्या तुकड्यांसाठी. त्यामुळं आपला गट त्यात बसतो का, हे पैसे देण्याआधी बघायचं. नोटरी म्हणजे मालकी नव्हे. बँक अशा जागेवर कर्ज देत नाही आणि उद्या मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली तर घरासकट भांडत बसावं लागतं.

गावठाणातल्या घरांची अडचण उलटी असते. तिथं पिढ्यान् पिढ्या राहणं आहे, कागद मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यापलीकडे नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड द्यायचं काम हाती घेतलं गेलं. कार्ड निघालं असेल तर त्यावरचं नाव आणि क्षेत्र आताच तपासावं. भावकीतली हद्द वादात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे पैसे भरून मोजणी करून घ्यावी. जोतं झाल्यावर मोजणी मागवली तर एक फूटसुद्धा महागात पडतो.

परवानगीचं त्यामानानं सोपं झालंय. ग्रामीण भागात 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की काम सुरू करता येतं. 1,600 ते 3,200 चौरस फुटांपर्यंत शुल्क भरून ग्रामपंचायतीचा दाखला घ्यावा लागतो, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. सांगोला शहरात मात्र नगरपालिकेचा उंबरा चढावा लागतो.

काळी माती घर का फोडते?

तालुक्यात दोन टोकाच्या जमिनी आहेत. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथं पाया बांधणं सोपं. माण नदीच्या आणि ओढ्यांच्या काठच्या रानात मात्र काळी माती खोलवर असते. शेतीला सोनं, घराला वैरी.

या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराखालीही पडू पाहतात. पण घराच्या मधोमध ऊन पोहोचत नाही, कडेची माती मात्र सुकते-भिजते. म्हणजे घराची एक बाजू वर उचलली जाते, दुसरी खाली बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, दार चौकटीत अडतं, फरशी फुगते. अशी चीर पुट्टी भरून जात नाही. दर वर्षी ती पुन्हा उघडते.

उपाय एकच, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. पायाचा खड्डा काळी माती संपून पक्का मुरूम लागेपर्यंत न्यायचा. शेजाऱ्याचा पाया पाच फुटांवर होता म्हणून आपलाही पाच फूट, हा हिशोब चुकीचा, कारण पन्नास फुटांवर माती बदलते. बांधकामाआधी जागेत दोन-तीन ठिकाणी जेसीबीनं चाचणी खड्डे घेतले की खालचे थर डोळ्यांना दिसतात. काळी माती फारच खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या पाईल्स टाकतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत विकसित केली आहे. त्याला स्ट्रक्चरल इंजिनियर लागतो, गवंड्याचा अंदाज पुरत नाही.

दुसरी चूक जोत्यात होते. खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत जोत्यात भरली जाते, कारण ती फुकट असते. ती बाहेर टाकून चांगला मुरूम आणायचा, थरांमध्ये पसरायचा, पाणी मारून धुमसायचा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं संशोधन केलं. न फुगणाऱ्या पण एकजीव राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दिला तर खालच्या मातीचं फुगणं रोखता येतं, हे त्यांनी दाखवलं. घराभोवती उताराचा कोबा करून पावसाचं आणि मोरीचं पाणी पायापासून लांब काढणंही याच कामाचा भाग आहे.

पाण्याचा हिशोब

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याबरोबर रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं आणि ही क्रिया कित्येक दिवस चालते. त्यासाठीच काँक्रीट ओलं ठेवायचं. भारतीय मानक 456 नुसार साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि कोरड्या-उष्ण हवेत किमान 10 दिवस क्युरिंग हवं. आता बाजारात बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटच्या असतात. त्यांना सांगोल्याच्या उन्हाळ्यात 14 दिवस धरून चालावं.

आता हिशोब करा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वाफे करून दोन इंच पाणी साठवायचं म्हटलं तरी एका वेळेला साधारण 4,700 लिटर लागतं, म्हणजे पाच हजारांचा एक टँकर. एप्रिलच्या उन्हात ते रोज आटतं. टँकरचे पैसे वाचवायला चौथ्या दिवशी पाणी बंद केलं तर महागडं सिमेंट घालूनही काँक्रीटला पूर्ण ताकद येत नाही. घर काढायचंच असेल तर स्लॅब पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या पुढं पडेल असं काम आखणं इथं जास्त शहाणपणाचं. उन्हाळ्यातच टाकावा लागला तर ओली पोती आणि प्लास्टिक कागद अंथरून आटणं कमी करता येतं.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. बोअरचं मचूळ पाणी काँक्रीटमध्ये गेलं की त्यातलं क्लोराईड आतलं लोखंड गंजवतं. सळईयुक्त काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा खर्च एखाद-दोन सिमेंटच्या गोण्यांच्या पलीकडे फारसा जात नाही. दुसरीकडे, काँक्रीट सैल करून ओतायला सोपं जावं म्हणून सेंट्रिंगवाले मिक्सरमध्ये बादलीनं जास्तीचं पाणी घालतात. एका 50 किलोच्या गोणीला 25 ते 27 लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ देऊ नये. स्लॅबच्या दिवशी जेवणाच्या पंगतीपेक्षा मिक्सरपाशी घरातलं एक माणूस उभं राहणं गरजेचं असतं. सळयांखाली स्लॅबला 20 आणि बीमला 25 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आहेत का, हेही त्यानंच बघायचं. त्या जागी खडीचे तुकडे ठेवलेले दिसले तर काम थांबवायला सांगायचं.

घरकुल आणि वाळू

पंतप्रधान आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीतून मजुरीचे दिवस. पैसे हप्त्यानं येतात आणि पुढचा हप्ता कामाचे फोटो चढल्यावरच पडतो. त्यामुळं पाया मोठ्या घराचा आणि पैसे घरकुलाचे, असं केलं की काम लिंटेलवर अडकतं. योजनेत किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे. तेवढं आधी पूर्ण करून पुढं वाढवता येईल असा नकाशा काढलेला बरा. घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं राज्याचं धोरण आहे, त्यासाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. इतरांनी नदीच्या मातकट वाळूपेक्षा चांगली धुतलेली क्रश सँड घ्यायला हरकत नाही. वाळू मुठीत आवळून सोडल्यावर हाताला माती चिकटली, तर ती गाडी परत पाठवायची.

राहता राहिला उकाडा. माळवदाची सर स्लॅबला येत नाही. छत साडेदहा-अकरा फुटांवर घेणं, पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी ठेवणं, स्लॅबवर पांढरा चायना मोझॅक किंवा दर उन्हाळ्याला चुना मारणं, एवढ्यानंही खोलीत फरक जाणवतो.

वास्तुशांत झाल्यावर लोक ज्याला सुट्टी देतात ते एक काम उरतं. बांधकाम पूर्ण झाल्याचा अर्ज देऊन नमुना 8 ला किंवा नगरपालिकेच्या मालमत्ता रजिस्टरला नव्या घराची नोंद करून घ्यायची, आणि त्यात घरातल्या बाईचं नाव मालक म्हणून घालायचं असेल तर ते याच वेळी सांगायचं.