बागेतला मंडप घरापासून किती दूर?

हल्ली बंगल्याच्या बागेत गझिबो बांधायचा म्हटलं, की आपण आधी छपराचा आकार ठरवतो, मग खुर्च्या. तो घरापासून किती लांब असावा, हे शेवटी ठरतं. आज आपण तोच प्रश्न आधी घेऊ, आणि त्यासाठी सुमारे 1900 वर्षं मागे, रोमन काळात जाऊ.

धाकटा प्लिनी हा वकील आणि सरकारी अधिकारी, जन्म इ.स. 61 च्या सुमाराचा. आपल्या दोन घरांचं वर्णन त्याने मित्रांना पत्रांतून कळवलं आहे. अपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या घराच्या बागेत द्राक्षवेलीचा मांडव होता, चार लहान खांबांवर उभा. त्याखाली पांढऱ्या संगमरवराची बैठक. बैठकीखालून पाणी वाहायचं, जणू बसणाऱ्याच्या वजनानंच दाबून निघतंय! ते समोरच्या कुंडात साठे. जेवताना जड पात्रं कुंडाच्या काठावर ठेवत; हलकी, होड्यांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराची, पाण्यावर तरंगत. ती मांडणारे हात मात्र या वर्णनात कुठंच दिसत नाहीत.

दुसरं घर समुद्रकाठी, रोमपासून 17 मैलांवर. तिथं मुख्य घरापासून दूर, बागेच्या टोकाला त्याने काही खोल्या स्वतः बांधवून घेतल्या होत्या. त्याच्या सर्वांत लाडक्या. निजायच्या खोलीची भिंत आणि बागेची भिंत यांच्यामध्ये त्याने बोळ ठेवला. का? तर गुलामांचे आवाज, समुद्राची गाज, काही आत येऊ नये म्हणून.

मग डिसेंबरात सॅटर्नेलियाचा सण यायचा. त्या दिवसांत गुलामांना मोकळीक असे, घर दणाणून जाई. प्लिनी या खोल्यांत जाऊन बसे. तो म्हणतो, त्यांच्या मौजेत माझी अडचण नाही, माझ्या अभ्यासात त्यांची नाही.

आम्हाला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. अंतर फक्त मालकाला शांतता देत नाही. मालक नजरेआड झाला की घरातली माणसंही मोकळी होतात. पण सण काही दिवसांचाच. एरवी तेच अंतर कुणालातरी ताटं घेऊन चालावं लागे.

तेव्हा मंडपाचा नकाशा काढाल, तर स्वयंपाकघरापासून तिथवर चहा कोण नेणार, हेही त्याच कागदावर लिहा.